शोकाचा संकेतांक आणि शोकाचे कारण

मनुष्याने आपल्या मृताबद्दल किती काळ शोक करावा, हे ठरविण्याचे काम आजवर धर्मशास्त्र आणि लोकरूढी यांच्याकडे होते. सुतकाचे दिवस, दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध; मुसलमान समाजातील चाळिसावा आणि विधवेच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस; या सर्व मर्यादा परंपरेने घालून दिलेल्या आहेत. अलीकडे या प्रांतात वैद्यकशास्त्रानेही आपली मोजपट्टी आणली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती मे २०१९ मध्ये स्वीकारली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. तीत ‘६बी४२’ या संकेतांकाखाली ‘दीर्घकालीन शोकविकार’ या नावाच्या स्वतंत्र मनोविकाराची नोंद आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मार्च २०२२ मध्ये आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीची सुधारित संहिता प्रसिद्ध केली, तीतही हा विकार समाविष्ट झाला. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून तेथील रुग्णालयांच्या व विमा कंपन्यांच्या कागदपत्रांसाठी त्याला ‘एफ४३.८१’ हा संकेतांक मिळाला.

वरकरणी ही डॉक्टरांची आपसांतील व्यवस्था दिसते. कार्यकर्त्यांनी तीत लक्ष का घालावे, असा प्रश्न कोणी विचारील. परंतु ज्या समाजात कागदावाचून माणसाला काहीच मिळत नाही, त्या समाजात कागदावर कोणता शब्द लिहिला जातो हा केवळ शास्त्राचा प्रश्न राहत नाही. तो हक्काचा प्रश्न होतो. शिवाय आपला मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ असे सांगतो की मानसिक आजाराचे निदान राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यता पावलेल्या वैद्यकीय निकषांनुसार व्हावे. आणि त्या निकषांत जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या अद्ययावत आवृत्तीचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे जिनिव्हात ठरलेला हा संकेतांक आज ना उद्या यवतमाळच्या आणि बीडच्या केसपेपरवर उमटणार. त्यापूर्वीच त्याविषयीची आपली भूमिका निश्चित असली पाहिजे.

निकष काय आहेत?

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर निदान ६ महिने लोटलेले असावेत. मृताविषयीची अनावर ओढ किंवा त्याच्याच विचारात सतत गुरफटून राहणे, आणि त्यासोबत तीव्र मनोवेदना असावी. हा शोक त्या माणसाच्या समाजात, संस्कृतीत व धर्मात अपेक्षित असलेल्या मर्यादेच्या स्पष्टपणे पलीकडे गेलेला असावा. आणि त्यामुळे त्याचे घरातील, कामावरील वा समाजातील व्यवहार खुंटलेले असावेत. अमेरिकन ग्रंथाने प्रौढांसाठी १२ महिन्यांची व मुलांसाठी ६ महिन्यांची मुदत घातली आहे. आपल्यातला एक भागच गेल्यासारखे वाटणे, मृत्यूवर विश्वास न बसणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, तीव्र मनःपीडा, पुन्हा माणसांत व कामात मिसळता न येणे, मन बधिर होणे, जगणे निरर्थक वाटणे आणि तीव्र एकटेपणा या आठ लक्षणांपैकी किमान तीन लक्षणे गेला महिनाभर जवळजवळ रोज असली पाहिजेत, असा त्या ग्रंथाचा दंडक आहे.

या निकषांमागे दीर्घ वाद आहे. शोकाला आजार समजून रुग्णाला वैद्याकडे धाडावे असे आपल्या मनातही येत नाही, असे फ्रॉइडने १९१७ च्या आपल्या निबंधात म्हटले होते. अमेरिकन निदानग्रंथाच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीपर्यंत एवढी सवलत शिल्लक होती की, आप्ताच्या मृत्यूनंतर पहिले दोन महिने दिसणारी लक्षणे सामान्यतः नैराश्याच्या आजारात धरू नयेत. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ती सवलतही गेली. दुसऱ्या बाजूने १९९० नंतरच्या संशोधनाने असे दाखविले की शोकग्रस्तांतील बहुसंख्य माणसे हळूहळू सावरतात, परंतु काहींचा शोक वर्षानुवर्षे पहिल्या दिवसाइतकाच ताजा राहतो. नैराश्याच्या औषधांनी तो हलत नाही, कारण तो नैराश्याहून वेगळा आहे. हॉली प्रिगरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये त्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. निरनिराळ्या पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून २०१७ मध्ये काढलेला अंदाज असा की, नैसर्गिक कारणांनी आप्त गमावलेल्या प्रौढांपैकी सुमारे दहांत एकाची अशी अवस्था होते. अपघात, खून, आत्महत्या अशा आकस्मिक वा हिंसक मृत्यूंनंतर हे प्रमाण पुष्कळच वाढते.

विमा आणि निदान

या संकेतांकाचा जन्म ज्या अर्थव्यवस्थेत झाला तीही ध्यानात घेतली पाहिजे. अमेरिकेत उपचाराचे पैसे विमा कंपनी देते, आणि निदानाचा संकेतांक असल्याशिवाय कंपनी पैसे देत नाही. ‘कुटुंबीयाचा मृत्यू’ एवढीच वस्तुस्थिती नोंदविणारा ‘झेड६३.४’ हा जुना संकेतांक होता. परंतु तो आजाराचा नव्हे, परिस्थितीचा, म्हणून त्यावर सहसा पैसे मिळत नसत. परिणामी, शोकाने खचलेल्या माणसाला मदत मिळवून द्यायची तर डॉक्टरने ‘नैराश्य’ वा ‘समायोजन विकार’ असे काहीतरी लिहावयाचे, अशी रीत पडली. जागतिक वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तर शोकाची प्रतिक्रिया आणि परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणारा धक्का ही दोन्ही ‘एफ४३.२’ या एकाच खणात शेजारी शेजारी ठेवलेली होती. या पार्श्वभूमीवर स्वतंत्र संकेतांक येणे म्हणजे नोंद अधिक प्रामाणिक होणे, हे मान्य केले पाहिजे.

पण त्याच देशात आप्ताच्या मृत्यूनंतर कामगाराला रजा देण्याची सक्ती करणारा एकही राष्ट्रव्यापी कायदा नाही. २०१४ मध्ये ऑरेगन राज्याने तशी तरतूद प्रथम केली. त्यानंतर इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा मोजक्या राज्यांनी तिचे अनुकरण केले. म्हणजे बारा महिन्यांनंतर ज्याचा शोक आजार ठरणार आहे, त्याला पहिल्या बारा दिवसांत घरी बसण्याचाही कायदेशीर हक्क नाही! शोक करावयास वेळ द्यावयाचा नाही, आणि तो न संपल्यास त्याला रोग म्हणावयाचे, ही विसंगती संकेतांक बनविणाऱ्या तज्ज्ञांची नसेल. ती ज्या व्यवस्थेत संकेतांक वापरला जातो तिची आहे. आपणही फार फुशारकी मारू नये. आपल्या कामगार कायद्यांतही शोकरजेची स्वतंत्र तरतूद नाही, आणि ज्याला रोजंदारीवर जगावयाचे आहे त्याच्या सुतकाची लांबी मुकादमच ठरवितो.

आक्षेप आणि त्यांची मर्यादा

शोकाला रोग ठरविण्यास अनेकांनी आक्षेप घेतला आहे आणि तो घेणारे लोक सामान्य नाहीत. वैद्यक आणि मानववंशशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत नाव असलेले आर्थर क्लाइनमन यांनी पत्नीच्या निधनानंतर २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला. शोकाची योग्य मुदत किती याविषयी सर्व संस्कृतींना लागू पडेल असे शास्त्रीय प्रमाण नाही, हा त्यांचा मुद्दा होता. दुसरा आक्षेप औषध कंपन्यांविषयीचा आहे. नवा रोग म्हणजे नवी बाजारपेठ, हा अनुभव जगाने अनेकदा घेतला आहे. दारूचे व्यसन सोडविण्यासाठी दिले जाणारे नाल्ट्रेक्झोन हे औषध दीर्घ शोकावर चालते काय, याची चाचणीही अमेरिकेत हाती घेतली गेलीच.

हे आक्षेप खरे आहेत, परंतु त्यावरून ‘शोक हा रोग नव्हेच, हे पाश्चात्त्यांचे थोतांड आहे’ असा निष्कर्ष काढून मोकळे होणे म्हणजे पीडिताला वाऱ्यावर सोडणे होय. मुलगा गेल्यानंतर चार वर्षे जी आई चूल पेटवीत नाही, तिला ‘काळ हेच औषध’ असे सांगणे सोपे असते. परंतु चार वर्षांत काळाने तिच्यासाठी काही केलेले नाही. अशा माणसांत आत्महत्येचे विचार अधिक आढळतात, त्यांची प्रकृतीही ढासळते. त्यांच्यासाठी उपाय आहे, आणि तो महागड्या गोळीचा नाही. कॅथरीन शिअर यांनी विकसित केलेली १६ बैठकांची संवादाधारित उपचारपद्धती २००५ पासून चाचण्यांत उपयुक्त ठरत आली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तर असे दिसले की, तिच्या जोडीला नैराश्याचे औषध दिल्याने शोकावर विशेष अधिक परिणाम होत नाही. अर्थात या उपचाराला माणूस लागतो. शिकलेला, ऐकून घेणारा आणि दर आठवड्याला भेटणारा माणूस लागतो. बाजाराला गोळी विकणे परवडते, असा माणूस पुरविणे परवडत नाही. म्हणून हा प्रश्न अखेर सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या दारात येऊन थांबतो.

आत्महत्याग्रस्त घरातील कागद

आता आपल्याकडे वळू. कर्जबाजारी शेतकऱ्याने आत्महत्या केली म्हणजे त्याच्या घरी सर्वप्रथम पंचनामा येतो. मग शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेच्या वा परवानाधारक सावकाराच्या कर्जाचा दाखला, आणि अखेर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा निर्णय: ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’. पात्र ठरल्यास एक लाख रुपये, त्यांपैकी ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, अशी व्यवस्था २००६ च्या शासननिर्णयाने घालून दिली. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल, कर्ज बिगरपरवाना सावकाराचे असेल, तर ते मरण शासनाच्या लेखी शेतीचे मरण ठरविणे कठीण. विधवेचे दुःख दोन्ही घरांत सारखेच. परंतु एका कागदावर त्याला कारण असते, दुसऱ्या कागदावर ते नसते.

रकान्याच्या रचनेने माणसे कशी नाहीशी होतात याचे उदाहरण राष्ट्रीय पातळीवरही आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ मध्ये शेतीवर उपजीविका करणाऱ्या ११,७७२ जणांच्या आत्महत्या नोंदल्या होत्या. २०१४ मध्ये वर्गवारी बदलली. शेतकरी ५,६५० आणि शेतमजूर ६,७१० असे दोन निराळे आकडे आले, आणि वरवर पाहणाऱ्याला शेतकऱ्यांच्या आत्महत्या एका वर्षात निम्म्यावर आल्याचा भास झाला. मरणारे तेवढेच होते, केवळ खण बदलले होते. कोरोनाच्या साथीतही हेच घडले. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जून २०२१ च्या आदेशानंतर मृतांच्या वारसांना ५० हजार रुपयांचे साहाय्य जाहीर झाले. परंतु मृत्यूच्या दाखल्यावर त्या आजाराचा उल्लेखच नव्हता, अशा कुटुंबांना आपला माणूस कशाने गेला हे सिद्ध करण्यासाठी शोकाच्या दिवसांतच कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले.

या घरांतील विधवा सहा महिन्यांनी वा वर्षाने ग्रामीण रुग्णालयात आली आणि तिच्या केसपेपरवर ‘६बी४२’ असे लिहिले गेले, तर काय होईल? उपचार मिळण्याचा मार्ग खुला होईल हे खरे. पण त्याच कागदावर कर्जाचा, पडलेल्या भावाचा, न मिळालेल्या प्राणवायूचा उल्लेख कोठे असेल? आजार तिच्या मनात आहे एवढेच नोंदले जाईल. जे बाहेर घडले ते तिच्या आतले होऊन जाईल, आणि शासनाच्या आकडेवारीत एका शेतीसंकटाचे रूपांतर काही हजार मनोरुग्णांत होईल. आमचा खरा आक्षेप या शक्यतेला आहे.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती फारशी माहीत नाही. ज्या वर्गीकरणाने शोकविकाराचा संकेतांक दिला, त्याच वर्गीकरणात सामाजिक परिस्थिती नोंदविण्याचेही संकेतांक आहेत. दहाव्या आवृत्तीत ‘झेड५५’ ते ‘झेड६५’ हा संपूर्ण गट बेकारी, दारिद्र्य, निवारा, कौटुंबिक परिस्थिती यांचा आहे. ‘झेड५९’ मध्ये आत्यंतिक दारिद्र्याला स्वतंत्र जागा आहे. अकराव्या आवृत्तीतही आरोग्यावर परिणाम करणाऱ्या परिस्थितीचे वेगळे प्रकरण आहे. हे संकेतांक कोणी सहसा लिहीत नाही, कारण त्यांवर पैसे मिळत नाहीत आणि वरिष्ठ कार्यालय ते विचारीत नाही. तेव्हा कारणाची नोंद शक्य नाही, ही सबब शास्त्रीय नाही. ती केवळ प्रशासकीय आहे, आणि प्रशासकीय सबब आग्रह धरून बदलता येते.

रूढीचे माप

निकषांतील आणखी एका कलमाकडे आपल्या महिला कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. शोक ‘संस्कृतीच्या अपेक्षेपलीकडे’ गेलेला असावा, असे व्याख्या म्हणते. इतर संस्कृतींचा मान राखण्यासाठी हे कलम घातले आहे, आणि तो हेतू चांगलाच आहे. पण संस्कृतीची अपेक्षाच अन्यायी असेल तर? ज्या समाजाने विधवेचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र काढले आणि हळदीकुंकवाच्या दारातून तिला जन्मभर परत पाठविले, त्या समाजाची विधवेकडून अपेक्षा आजन्म शोकाचीच आहे. त्या मापाने तिचा कोणताही शोक मर्यादेबाहेर जाणार नाही. दहा वर्षे ती अंधाऱ्या खोलीत बसली तरी ते ‘रीतीप्रमाणे’ च ठरेल. उलट विधुराच्या पुनर्विवाहाची बोलणी वर्षाच्या आत सुरू होतात, आणि त्याने नकार दिला तर लोकांना चिंता वाटते. एकाच घरात संस्कृतीची मापे अशी दोन आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्यशासनाने इतर ग्रामपंचायतींना तिचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हा ठराव मानसिक आरोग्याचाही ठराव आहे, असे आम्ही मानतो. शोक करणाऱ्या स्त्रीला पुन्हा माणसांत येता येणे हा बरे होण्याचा एक भाग आहे, आणि आपली रूढी नेमके तेच तिला नाकारते. डॉक्टरने केसपेपरवर संस्कृतीचा दाखला देण्यापूर्वी ती संस्कृती कोणाच्या बाजूची आहे हेही विचारले पाहिजे.

आपल्या मागण्या

पहिली गोष्ट, सहा किंवा बारा महिन्यांची मुदत ही निदानासाठी आहे, मदतीसाठी नाही, हे शासनाने स्पष्ट करावे. दुसऱ्या महिन्यात दारात आलेल्या बाईला ‘अजून मुदत भरली नाही’ म्हणून परत पाठविले जाता कामा नये. कायद्याने सरकारी आरोग्यसेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो हक्क संकेतांकावर अवलंबून नाही.

दुसरी गोष्ट, निदानाच्या जोडीला परिस्थितीचा संकेतांक लिहिणे सक्तीचे करावे, आणि त्यांची एकत्रित आकडेवारी, अर्थात व्यक्तींची ओळख वगळून, तालुकावार प्रसिद्ध करावी. कोणत्या तालुक्यात शोकविकार वाढला आणि त्यांपैकी कितींच्या नोंदीत कर्ज आहे, हे विधिमंडळात विचारता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट, हा कागद पीडिताविरुद्ध वापरला जाऊ नये. जमिनीच्या वाटणीत ‘ही वेडी आहे, तिच्या डोक्यावर उपचार चालू आहेत’ असे म्हणून विधवेचा हिस्सा गिळू पाहणारे दीर-सासरे आपल्या कार्यकर्त्यांना नवे नाहीत. केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी मनोदुर्बल ठरत नाही, ते सक्षम न्यायालयानेच ठरवावे लागते, असे २०१७ च्या कायद्याचे तिसरे कलम सांगते; तेविसावे कलम गुप्ततेची हमी देते आणि पंचविसावे कलम रुग्णाला स्वतःची नोंद पाहण्याचा अधिकार देते. ही तीन कलमे प्रत्येक तालुका कार्यकर्त्याच्या वहीत असावीत.

चौथी गोष्ट पैशाची आणि माणसांची. विम्याने हे काम होणार नाही. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे असे कायदा म्हणत असला, तरी आपल्याकडील आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. शोकावरचा उपचार तर खाटेवर पडून होत नाही. गावपातळीवर हे काम होऊ शकते याचा पुरावा विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून नैराश्यग्रस्तांपर्यंत सेवा नेली. तेव्हा उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. नैराश्यासाठी जे साधले ते शोकासाठी साधणार नाही असे मानण्याचे कारण नाही. मात्र हे काम तुटपुंज्या मानधनावरील आशासेविकांच्या डोक्यावर आणखी एक ओझे म्हणून लादू नये. त्यासाठी पगारी जागा निर्माण कराव्यात, आणि रोजंदारीच्या मजुरालाही लागू पडेल अशी भरपगारी शोकरजा कायद्याने द्यावी.

या मागण्या शासनाकडे आहेत. एक मागणी आपल्या स्वतःकडेही आहे. आत्महत्या झालेल्या घरी कार्यकर्ते जातात, कागदपत्रे गोळा करण्यास मदत करतात, तहसीलवर मोर्चा नेतात, आणि पात्र-अपात्रतेचा निकाल लागला म्हणजे ते घर त्यांच्या यादीतून सुटते. सहाव्या महिन्यात, वर्षश्राद्धानंतर त्या घरात कोण जाते? यापुढे प्रत्येक तालुका शाखेने अशा घरांची वही ठेवावी, आणि मृत्यूच्या तारखेपुढे सहा महिन्यांची व वर्षाची तारीख लिहून त्या दिवशी तेथे दोघांनी जावे. त्यांत एक स्त्री असावी. ती जेवते का, झोपते का, शेतावर जाते का, मुले शाळेत आहेत का, एवढे विचारावे आणि गरज दिसल्यास तिच्यासोबत रुग्णालयात जाऊन केसपेपर काढावा. डॉक्टर त्यावर आजाराचा संकेतांक लिहितील तेव्हा कारणाचाही लिहावयास लावून मगच परत यावे.